सर्वांना वाचता येईल असे पान

शाळेच्या फाटकाजवळचा सूचनाफलक तुम्ही रोज पाहता. नवी सूचना लागली की फलकापुढे गर्दी होते. उंच मुले मागे उभी राहून वाचतात. ठेंगणी मुले टाचा उंच करून वाचतात. ज्याचा चष्मा घरी राहिला आहे, तो शेजारच्याला विचारतो, "काय लिहिले आहे रे?" मग कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवते. मराठीतला एखादा अवघड शब्द अडला, तर दुसरा कोणी त्याचा अर्थ उर्दूत सांगतो. अशा रीतीने एकच सूचना पाच मिनिटांत सर्वांना कळते.

आता तीच सूचना शाळेच्या संकेतस्थळावर लावली आहे, असे समजा. संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरची आपली जागा. तिथले पान वाचणारा माणूस बहुधा एकटा असतो. तो घरी असेल, बसमध्ये असेल किंवा परगावी असेल. त्याच्या शेजारी वाचून दाखवणारे कोणी नसते. वाचता आले तर ठीक, नाही तर तो मुकाट्याने निघून जातो. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

मला मात्र एकदा लागला. ती हकिकत आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. बी.एड. करताना मी संगणक थोडाफार शिकले होते, एवढीच माझी पात्रता. पण काम मी मन लावून केले. शाळेचा रंग हिरवा, म्हणून पानाचा रंग फिकट हिरवा ठेवला. त्यावर पांढरी अक्षरे घेतली. चारी बाजूंना फुलांची नक्षी काढली. शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी कौतुक केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शिष्यवृत्तीची सूचना आली. ती मी फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिली, फळ्याचे छायाचित्र काढले आणि ते पानावर लावून दिले. माझे हस्ताक्षर चांगले आहे असे सगळे म्हणतात. खोटे कशाला सांगू, त्याचाही थोडा अभिमान होता.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी एक पालक मुलीला घेऊन भेटायला आले. त्यांच्या हातात पांढरी काठी होती. ते लहानपणापासून अंध आहेत आणि एका कार्यालयात टेलिफोनवर काम करतात. मुलगी नववीत. त्यांनी विचारले, "मॅडम, शिष्यवृत्तीची सूचना या वर्षी आली नाही का?"

मी म्हटले, "आली होती ना! पंधरा दिवस पानावर होती. दहा जूनला मुदत संपली."

ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, आमचे पान उघडले आणि काचेवरून बोट फिरवले. फोन बोलू लागला. शाळेचे नाव त्याने नीट सांगितले. पुढे तो म्हणाला, "चित्र." मग त्याने काही इंग्रजी अक्षरे आणि आकडे एकामागून एक म्हणून दाखवले. कॅमेऱ्याने माझ्या छायाचित्राला दिलेले ते नाव होते. मग पुन्हा, "चित्र." ही माझी फुलांची नक्षी. पानावर आणखी काही नव्हते.

"मी रोज रात्री हे पान ऐकत होतो," ते म्हणाले. "मला वाटले, तुम्ही संमेलनाचे फोटो लावले आहेत."

मुलगी त्या वेळी आईबरोबर आजोळी होती. घरात पाहून सांगणारे कोणी नव्हते. मी वर विचारून पाहिले, पण तारीख गेली ती गेली. त्या वर्षी तिचा अर्ज गेला नाही. ते मला काही बोलले नाहीत. "पुढच्या वर्षी पाहू," एवढे म्हणून मुलीच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. मुलगी मात्र जाताना मागे वळून फळ्याकडे पाहत होती. सूचना अजून तिथे तशीच होती. पुसायची राहिली होती.

जे आधी शिकायला हवे होते, ते मी त्यानंतर शिकले. तेच तुम्हांला सांगणार आहे. कारण आज ना उद्या तुम्हीही असे पान लिहिणार आहात. शाळेच्या प्रकल्पासाठी लिहाल, मोहल्ल्यातल्या वाचनालयासाठी लिहाल, नाही तर अब्बांच्या दुकानासाठी लिहाल.

अंध माणूस फोन किंवा संगणक कसा वापरतो? त्याच्या मदतीला एक प्रणाली असते. तिला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. पडद्यावर जे लिहिलेले आहे ते ती बोलून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये ती 'टॉकबॅक' या नावाने आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' या नावाने मिळते. संगणकासाठी 'एन.व्ही.डी.ए.' नावाची प्रणाली आहे. तिला एक पैसाही पडत नाही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली ती तयार करायला घेतली आणि पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध आहेत. त्या वेळी अशा प्रणाली फार महाग होत्या. ज्यांना गरज, त्यांनाच त्या परवडत नव्हत्या. म्हणून या दोघांनी स्वतःच कामाला हात घातला.

एक गोष्ट लक्षात घ्या. स्क्रीन रीडर आपल्यासारखा पान पाहत नाही. तो पानाला विचारतो, "तुझ्याजवळ कोणती अक्षरे आहेत?" आणि मिळतील ती अक्षरे बोलतो. छायाचित्रातल्या फळ्यावर तुम्हांला आणि मला अक्षरे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते फक्त रंगीत ठिपके असतात. हल्लीचे काही फोन चित्रातली अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात, हे खरे. पण हाताने लिहिलेल्या तारखेसाठी त्यांच्यावर विसंबून राहू नये. सूचना चित्रात लिहायची नाही, ती टंकलेखन करूनच लिहायची. हा पहिला धडा मी शिकले आणि तो मला एका मुलीच्या शिष्यवृत्तीला पडला.

तुमच्या घरी अँड्रॉइड फोन असेल, तर मोठ्या माणसांना विचारून 'टॉकबॅक' सुरू करून पाहा. सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या भागात ते सापडेल. मात्र बंद कसे करायचे, ते आधी समजून घ्या. ते सुरू असताना एकदा बोट लावले की फोन त्या वस्तूचे फक्त नाव सांगतो. उघडण्यासाठी दोनदा टकटक करावी लागते आणि पान सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात. आम्ही शिक्षकांच्या खोलीत हा प्रयोग केला, तेव्हा फोन दहा मिनिटे एकसारखा बोलत राहिला. कोणालाच तो गप्प करता येईना. शेवटी शिपाईमामांच्या शाळकरी मुलाने तो बंद करून दिला.

पण सगळीच चित्रे काढून टाकायची का? मुळीच नाही. चित्र लावताना त्याच्यामागे एक छोटेसे वाक्य लिहून ठेवता येते. त्याला 'ऑल्ट' मजकूर म्हणतात. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो दिसत नाही. स्क्रीन रीडर मात्र चित्राच्या जागी तो वाचतो. हे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. आमच्या बक्षीस समारंभाच्या चित्राला मी आधी 'छायाचित्र' असे लिहिले होते. त्याचा काय उपयोग? ते छायाचित्र आहे हे फोन सांगतोच. मग आठवीतल्या एका विद्यार्थिनीने लिहिले, 'व्यासपीठावर मुख्याध्यापक खो-खोच्या संघाला करंडक देत आहेत; संघनायिका हसत आहे.' हे वाक्य ऐकणाऱ्याला चित्र मिळाले. फुलांच्या नक्षीचे काय? ती फक्त शोभेसाठी आहे. तिचा ऑल्ट मजकूर मुद्दाम रिकामा ठेवतात, म्हणजे फोन ती ओलांडून पुढे जातो. नाही तर बिचाऱ्याला चार वेळा 'फुलांची नक्षी' ऐकावे लागते.

त्या पालकांची आणि माझी पुढे चांगली ओळख झाली. एकदा त्यांनी मला ब्रेल लिपीतले पुस्तक दाखवले. फ्रान्समधील लुई ब्रेल यांची दृष्टी बालपणी एका अपघातात गेली होती. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी सहा उठावदार ठिपक्यांची ही लिपी तयार केली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली 'भारती ब्रेल' ठरली. तिच्यात मराठी लिहितात, तशी उर्दूही लिहितात. आणि गंमत अशी, की ब्रेलमधली उर्दू डावीकडून उजवीकडे वाचायची असते. "आमच्या बोटांखाली उर्दू आणि मराठी एकाच वाटेने चालतात, मॅडम," ते हसून म्हणाले.

पडद्यावर मात्र या दोन भाषांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि आपल्या शाळांच्या पानांवर दोन्ही भाषा असतात. इथे फोनचा गोंधळ होऊ शकतो. मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू लागला, तर ऐकणाऱ्याला काहीच समजत नाही. म्हणून पानाच्या आत, न दिसणाऱ्या भागात, कोणता परिच्छेद कोणत्या भाषेत आहे याची खूण करतात. मराठीची खूण 'एम-आर' आणि उर्दूची खूण 'यू-आर' अशी ठरलेली आहे. ही खूण दिसली, की स्क्रीन रीडर आपला आवाज बदलू शकतो. उर्दू परिच्छेदाला आणखी एक खूण लागते, ती दिशेची. ती राहून गेली आणि उर्दू वाक्यात मध्येच इंग्रजी शब्द किंवा कंस आला, तर शब्दांचा क्रम उलटसुलट होतो. उर्दूत अक्षरे उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, हे तुमच्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. संगणकाला ते सांगावे लागते. शिवाय नस्तालीक लिपी वरून खाली उतरत जाते. दोन ओळींत अंतर कमी ठेवले, तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर येऊन बसतात. मराठीतही वर मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजी ओळींना पुरते तेवढे अंतर आपल्या दोन्ही भाषांना पुरत नाही.

आता अक्षरांच्या पोशाखाची एक गोष्ट ऐका. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फाँट असत. त्यांत पडद्यावर 'शाळा' दिसे, पण संगणकाच्या स्मरणात मात्र काही अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. फाँट म्हणजे नुसता देवनागरीचा पोशाख. तो फाँट ज्याच्याकडे नाही, त्याला पडद्यावर कचरा दिसे. आणि स्क्रीन रीडर तर पोशाख पाहतच नाही. तो आतली इंग्रजी अक्षरेच वाचतो. उर्दूची अडचण आणखी निराळी होती. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांना जोडून हजारो आकार तयार होतात. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रे कित्येक वर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ साली अहमद मिर्झा जमील यांचे 'नूरी नस्तालीक' आले. त्यांनी हजारो जोडाकार हाताने काढले होते. तेव्हा कुठे छपाईत नस्तालीक संगणकावर आली. पण इंटरनेटवर अनेक उर्दू वर्तमानपत्रे बरीच वर्षे आपली पाने चित्र म्हणूनच लावत राहिली. दिसायला देखणी, पण शोधायला गेलात तर एक शब्द सापडणार नाही आणि ऐकायला गेलात तर एक अक्षर ऐकू येणार नाही.

यावर उपाय झाला तो युनिकोडने. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. 'श'चा क्रमांक नागपुरातही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच. तुम्ही फोनवर मराठी किंवा उर्दू टंकता, ते युनिकोडमध्येच असते. मात्र काही जुनी कागदपत्रे अजून जुन्या फाँटमध्ये आहेत. तसा मजकूर मिळाला, तर तो युनिकोडमध्ये बदलून, एकदा वाचून तपासून मगच पानावर लावावा.

आतापर्यंत मी अंध वाचकांविषयीच बोलले. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी दृष्टीचा दोष असलेले सुमारे ५० लाख होते. पण वाचायला अडचण येणारे लोक एवढेच नाहीत. तुमच्या दादीच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल. अब्बा भर उन्हात फोन पाहत असतील. माझी फिकट हिरव्यावरची पांढरी अक्षरे त्यांना दिसली असतील का? पार्श्वभूमी आणि अक्षरे यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळे लिहिले, तर तो २१ ला १ इतका असतो. पांढऱ्यावर पांढरे लिहिले, तर १ ला १. जगभर मानल्या जाणाऱ्या नियमांप्रमाणे साध्या अक्षरांसाठी तो निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालतो. माझे सुंदर पान मोजले, तेव्हा ते २ पर्यंतही पोहोचले नाही. आता आमची अक्षरे गडद हिरवी आहेत आणि पान पांढरे. शाळेचा रंग तसाच राहिला, फक्त जागा बदलली.

रंगाविषयी आणखी थोडे. आम्ही चाचणीचा निकाल लावताना उत्तीर्ण मुलांची नावे हिरव्या रंगात आणि नापास मुलांची लाल रंगात लिहीत असू. काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, लाल आणि हिरवा यांतला फरक नीट ओळखता येत नाही. हा दोष बहुतेक वेळा आनुवंशिक असतो आणि पुष्कळदा त्या मुलाला स्वतःलाही तो माहीत नसतो. अशा मुलाने आपला निकाल कसा ओळखावा? रंग खुशाल वापरा, पण त्याच्याशेजारी 'उत्तीर्ण' हा शब्दही लिहा.

आता भाषेकडे येऊ. माझ्या मते हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अक्षरे ठळक आहेत, फोन ती नीट वाचतो आहे, आणि तरीही वाचकाला काही समजत नाही, असे होऊ शकते. फळ्यावरची माझी सूचना अशी होती:

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पात्र विद्यार्थ्यांनी विहित नमुन्यातील परिपूर्ण अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावेत. मुदतीनंतर प्राप्त अर्जांचा विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.'

मित्रांनो, खरे सांगा, किती समजले? यात तारीख कुठे आहे? कोणती कागदपत्रे हवीत? अर्ज कोणाकडे द्यायचा? यांपैकी एकही गोष्ट त्या दोन वाक्यांत नाही. तारीख होती, पण ती खाली एका कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलेली होती. पुढच्या वर्षी मी तीच सूचना अशी लिहिली:

'शिष्यवृत्तीचा अर्ज १० जूनपर्यंत शाळेच्या कार्यालयात द्या. आठवी, नववी आणि दहावीचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. कोरा अर्ज कार्यालयात मिळेल. सोबत दोन कागद जोडा: गेल्या वर्षीचे गुणपत्रक आणि रहिवासी दाखला. १० जूननंतर अर्ज घेतला जाणार नाही.'

वाक्ये वाढली, पण प्रत्येक वाक्य लहान झाले. तारीख पहिल्याच वाक्यात आली. 'विहित' आणि 'उपरोक्त' गेले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही भाषा फार साधी वाटली. "शाळेची सूचना शाळेसारखी भारदस्त हवी," असे ते म्हणाले. मला ते पटले नाही, अजूनही पटत नाही. सूचना लोकांना समजावी म्हणून लिहायची, की शाळेचा रुबाब दिसावा म्हणून?

मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. म्हणून ही अडचण तुम्हांला इतरांपेक्षा चांगली कळेल. अर्ज, तारीख, कागद, मुदत, नमुना, मजकूर हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतात, कारण ते उर्दूतही आहेत. पण जपून! काही शब्द घर बदलले की अर्थही बदलतात. उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते. मराठीत 'मजकूर' म्हणजे लिहिलेली गोष्ट, लेखन. 'खुलासा' या शब्दाने तर आमच्या एका विद्यार्थ्याची चांगलीच फजिती केली. गैरहजेरीबद्दल 'लेखी खुलासा द्यावा' अशी सूचना होती. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. त्याने चुकलेल्या दोन धड्यांचा सारांश सुरेख अक्षरांत लिहून आणला! मराठीत खुलासा म्हणजे कारण सांगून केलेले स्पष्टीकरण. चूक त्याची नव्हती. 'तुम्ही का आला नाहीत, ते लिहून द्या' असे म्हटले असते, तर काय बिघडले असते?

तुमच्यासारखेच दुसऱ्या भाषेत वाचणारे आणखी एक वाचक आहेत, पण ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेक मुलांची पहिली भाषा खुणांची असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ते मराठीचेही नाही आणि उर्दूचेही नाही. अशा मुलासाठी लिहिलेली मराठी ही नव्याने शिकलेली भाषाच असते. लांबलचक वाक्यात तुम्ही अडखळता, तिथेच तोही अडखळतो. पानावर एखादी चित्रफीत लावली, तर तिच्यातले बोलणे खाली अक्षरांत द्यावे, तेही त्याच्यासाठीच. अर्थात रेल्वेच्या डब्यातल्या गोंगाटात ती अक्षरे ऐकू येणाऱ्यांच्याही उपयोगी पडतात.

पानावरचे दुवे कसे लिहावेत, हे मला त्या पालकांनी दाखवून दिले. दुवा म्हणजे ज्या शब्दावर बोट लावले की दुसरे पान उघडते तो शब्द. आम्ही सगळीकडे 'येथे क्लिक करा' असे लिहिले होते. स्क्रीन रीडर पानावरचे सर्व दुवे एकत्र करून त्यांची यादी वाचू शकतो. घाईत असलेला माणूस तीच यादी ऐकतो. त्यांच्या फोनने आमच्या पानाची यादी ऐकवली: "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." असे नऊ वेळा! वर्गातली नऊही मुले आपले नाव 'मी' असे सांगू लागली, तर हजेरी कशी घ्यायची? आता आम्ही 'शिष्यवृत्तीचा अर्ज', 'सुट्ट्यांची यादी', 'दहावीचे वेळापत्रक' असे लिहितो. मथळ्यांचेही तसेच आहे. अक्षरे नुसती मोठी आणि ठळक केली, की पाहणाऱ्याला मथळा दिसतो. फोनला तो मथळा आहे हे कळत नाही. मथळा म्हणून खूण केली, तर ऐकणारा एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारत जातो, जसे तुम्ही पुस्तक चाळता.

हे सारे नियम मी शोधलेले नाहीत. ज्यांनी १९८९ मध्ये इंटरनेटवरील या जाळ्याची कल्पना मांडली, त्या टिम बर्नर्स-ली यांच्या संस्थेने, म्हणजे 'डब्ल्यू-थ्री-सी'ने, १९९७ साली या कामासाठी वेगळा उपक्रम सुरू केला. १९९९ साली नियमांची पहिली आवृत्ती निघाली, २००८ साली दुसरी, आणि २०१८ व २०२३ साली तिच्यात भर पडली. आपल्या देशातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावी, अशी जबाबदारी सरकारवर टाकली आहे. म्हणजे तो पालक माझ्याकडे उपकार मागायला आला नव्हता. माहिती मिळणे हा त्याचा हक्क होता.

नवे पान तयार झाल्यावर मी पहिला फोन त्यांनाच केला. त्यांनी पान ऐकले आणि लगेच दोन चुका काढल्या. 'दि. १०/६' असे मी एका ठिकाणी लिहिले होते. त्यांच्या फोनने त्याचे काहीतरी विचित्र वाचले. ते मी '१० जून' केले. शाळेचा टेलिफोन क्रमांक फोनने एक प्रचंड मोठी संख्या समजून कोटी, लाख, हजार असा वाचून दाखवला. तो आता मध्ये जागा सोडून लिहिला आहे. त्या वर्षी त्यांच्या मुलीचा अर्ज सर्वांत आधी आला. माझ्या टेबलावर तो ठेवताना ती म्हणाली, "अब्बांनी स्वतः ऐकून सांगितले."

ती आता महाविद्यालयात आहे. तिचे वडील मात्र अजूनही आठवड्यातून एकदा आमचे पान ऐकतात आणि चूक सापडली की फोन करतात. अलीकडेच त्यांचा फोन आला होता. आमच्या एका नव्या शिक्षकांनी वेळापत्रकाचे छायाचित्र काढून पानावर लावले होते. रंगीत चौकटी, सुरेख अक्षर. आणि फोन म्हणतो, "चित्र."

ते वेळापत्रक आता आम्हांला अक्षरांत लिहायचे आहे. तुम्ही मदत करा. तुमच्या वर्गाचे सोमवारचे वेळापत्रक वहीत लिहा, पण चौकटी न आखता, नुसत्या वाक्यांत. मग एका मित्राला पाठ करून बसवा आणि ते मोठ्याने एकदाच वाचा. त्याला विचारा, मधल्या सुट्टीनंतर लगेच कोणता विषय आहे आणि तो किती वाजता सुरू होतो. त्याला सांगता आले नाही, तर वाक्ये बदला आणि पुन्हा वाचा.